बारा भोकांचे बूट

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताला, एक चिंचोळं दुकान होतं. दार इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला तिरकं व्हावं लागे. आत भिंतीवर बुटांचे लाकडी फर्मे टांगलेले होते, लहान पायापासून मोठ्या पायापर्यंत ओळीने, जणू एखादं मोठं कुटुंब पाय वर करून भिंतीवर झोपलंय. खिडकीत पाण्याने भरलेली एक काचेची बरणी असे. हातातल्या कामावर उजेड पडावा म्हणून ती तिथे ठेवलेली. पण दुपारी ऊन तिच्यातून गाळून आलं, की छतावर उजेडाचे वळवळते ठिपके नाचू लागत आणि सगळं दुकान हळूहळू पाण्याखाली चाललंय असं वाटे.

दुकान आत्याचं. खरं तर ती आत्या एकाच मुलीची, पण रस्त्याने ते नातं केव्हाच आपापसांत वाटून घेतलं होतं. खलाशी, गोदामातले हमाल, पोस्टमन, सगळे तिला आत्याच म्हणत. पासष्टी गाठलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोटं मेणाने काळी. बूट शिवायचं काम ती वडिलांकडून शिकली होती आणि कामाबरोबर तिला वारशाने मिळाला होता एक जस्ताचा टब.

त्या टबाची गोष्ट अशी. दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक बूट आधी त्या टबात बसायचा. आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा, बूट घोट्यापर्यंत पाण्यात ठेवायचा आणि दुपारभर तिकडे पाहायचंही नाही. संध्याकाळी बोळा बाहेर काढायचा. कागद कुरकुरीत कोरडा निघाला तर बूट वरच्या फळीवर. जरा जरी दमट लागला तर बूट पुन्हा मांडीवर आणि टाका पुन्हा पहिल्यापासून. वडील म्हणायचे, "गिऱ्हाईक एक वेळ फसेल, कागद फसायचा नाही." चाळीस वर्षांत आत्याच्या हातच्या बुटाने कागद भिजवला नव्हता. बंदरावर थंडीपावसात राबणाऱ्यांचे पाय तिच्या जिवावर कोरडे राहात आणि हे तिला माहीत होतं. बोलून दाखवत नसे, पण माहीत होतं.

त्यामुळे सोमवारी सकाळी तिची भाची दारातून आत शिरली, काखेतले जाडजूड, कामगार घालतात तसले काळे बूट तिने ठोकळ्यावर ठेवले आणि म्हणाली, "आत्या, ह्यांना भोकं पाडायचीत," तेव्हा आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"कशाला?"

"पाणी आत यायला."

"काय आत यायला?"

"पाणी."

"इकडे ये. कपाळ बघू. ताप नाही ना?"

भाची हसली. ही भावाची मुलगी. शाळेच्या निमित्ताने आत्याकडे आली ती इथलीच होऊन गेली. अंगाने एवढीशी, पण स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलायची खोड, म्हणून बंदरावर तिचं नाव पडलं होतं मुंगी. गेली दोन वर्षं ती पाणबुड्यांच्या टोळीत होती. हे लोक धक्क्याखालचे खांब तपासत, बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडत. मुंगी मात्र अजून कामासाठी खाली गेली नव्हती. ती वर धक्क्यावर दोर धरून बसे. खाली गेलेल्या माणसाच्या कमरेला जो दोर बांधतात, त्याचं दुसरं टोक.

"गेल्या शुक्रवारी माझी परीक्षा होती ना," मुंगी म्हणाली.

"होती. आणि तू घरी येऊन म्हणालीस, बरी झाली."

"थाप मारली. उलटी लटकले."

आत्याच्या हातातली आरी थांबली.

मुंगीने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली एक लांबट प्लास्टिकची पिशवी उचलली, तिच्यात अर्धी फुंकर भरली आणि तोंड घट्ट बांधून ती टबातल्या पाण्यात बुडवून धरली. "ही बघ. हा माझा सूट. आत पाणी शिरत नाही, आत मी आणि थोडी हवा. हवा लागतेच, नाहीतर थंडीने गारठून जाऊ आणि वरून पाणी असं आवळतं की कातडीला चिमटे बसतात. आता बघ हं." तिने पिशवीचं एक टोक वर केलं. पिशवीतली हवा पळत त्या टोकाला गेली आणि ते टोक टम्म फुगलं. "हवा अशी आगाऊ. जे टोक वर, तिकडे धावते. सूटला खाली मोजे जोडलेलेच असतात, मऊ, रबरी. त्यांच्यावर बूट घालायचे, बुटांवर फिन्स, म्हणजे ते रबरी पंख. टोळीतला सगळ्यात लहान बूट नऊ नंबरचा. माझा पाय त्यात घरात उंदीर फिरावा तसा फिरतो. खाली वाकून खांब बघायला गेले, पाय जरा वर झाले, हवा पायात पळाली, मोजे फुगले, फिन्स निसटून गेले आणि मी डोकं खाली, पाय वर. वटवाघूळ."

"अगं बाई!"

"टोळीच्या उस्तादांनी दोर ओढून बाहेर काढलं. सगळे हसले. उस्ताद नाही हसले, तेच वाईट वाटलं. म्हणाले, शुक्रवारी शेवटची संधी. पायाला नीट बसणारे बूट घालून ये. नाही जमलं तर दोरच धर, दोर धरणंही मोठं काम आहे." मुंगीने पिशवी पाण्यातून उपसली. "आहे मोठं काम. पण आत्या, मला खाली जायचंय."

आत्याला हे ठाऊक होतं. दोन वर्षं ऐकत आली होती. आणि दोन वर्षं तिला मनातून वाटत आलं होतं, की वर बसून दोर धरणं हेच बरं. पण ते तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिने बूट हातात घेतले. साधे बूट. चामडं जाड, घोटा उंच, शिलाई सरळ. कुणीतरी चार महिने घालून विकलेले.

"पायाला घट्ट बसवून देते," ती म्हणाली. "मोज्याला फुगायला जागाच ठेवत नाही. पण भोकं कशाला?"

"पेला दे." मुंगीने पेला उलटा करून टबात दाबला. आत हवा तशीच अडकून राहिली. "मी खाली डोकं केलं, की बूट असा उलटा होतो. तळाशी हवा अडकून बसते आणि पाय वर खेचते. सोलच्या वर भोकं असली की ती बुडबुड करत निघून जाते. आणि शिडीने वर येताना बुटातलं पाणी त्याच भोकांतून गळून जातं. नाहीतर दोन्ही पायांत तांब्या तांब्या पाणी घेऊन शिडी चढा!"

आत्याने पेल्याकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं. त्या टबाने आजवर असली भाषा ऐकली नव्हती.

"तुझे आजोबा असते तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं," ती म्हणाली. "बस. पाय दे इकडे."

*

काम करायला घेतलं की आत्याची कुरकुर बंद होई. मुंगी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सूट काखोटीला मारून येई, त्याच्या मोज्यात पाय घालून बसे आणि आत्या मापं घेई. बुटातला मऊ तळ तिने उपसून काढला, कारण असला फोम पाण्यात तरंगतो. लेस अडकवायचे लोखंडी हूक कापून टाकले, कारण खाली दोर त्यांना अडकला तर पंचाईत. त्यांच्या जागी साध्या पितळी कड्या बसवल्या आणि प्रत्येक कडीची आतली कड कानशीने घासून, बोट फिरवून, गालाला लावून पाहिली. आत एक जरी टोक राहिलं तर मोजा फाटेल आणि मोजा फाटला तर सूटात थंडगार पाणी. लेसऐवजी जाड इलॅस्टिकची दोरी ओवली आणि टोकाला दाबून सरकवायची खुटी लावली, म्हणजे हातमोजे घातलेल्या बोटांनाही ती आवळता येईल. फिनचा पट्टा टाचेवरून घसरू नये म्हणून मागे रबराची एक कड चिकटवली. सोल पुढून तासून पातळ केला, फिनच्या तोंडात शिरेल इतका.

हे चाललं असताना मुंगी पाण्याखालचं सांगत राही. मापाला दिलेला पाय आत्याच्या मांडीवर, नजर छतावरच्या हलत्या ठिपक्यांकडे.

"तू तर खाली गेलीच नाहीस नीट, मग एवढं कसं माहीत?" आत्याने विचारलं.

"लटकायच्या आधी दहा मिनिटं होते ना. आत्या, खाली आवाज नसतो. म्हणजे असतो, आपल्याच श्वासाचा. बाकी सगळं गप्प. खांब वरून काळे दिसतात ना? खाली ते रंगीत आहेत. नारिंगी, जांभळे, काहीतरी फुललंय त्यांच्यावर. उजेड हिरवा, आणि तो पडत नाही, झुलतो."

"आणि भीती?"

"भीती वरच वाटते. खाली गेल्यावर ती कुठेतरी राहून जाते. धक्क्यावर विसरल्यासारखी."

धक्क्यावर विसरलेली भीती कोण घरी घेऊन जातं, हे आत्याला माहीत होतं.

*

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर तिने भोकं पाडली. बूट लोखंडी फर्म्यावर उलटा चढवला, सोलच्या बरोबर वर, शिलाईला धक्का न लावता पोकळ पंच ठेवला आणि हातोडी उचलली. पहिल्या घावाला हात चुकला. खरं म्हणजे चुकला नाही, मागे राहिला. तिने स्वतःलाच दटावलं आणि पुन्हा मारला. टक्. चामड्याची वाटाण्याएवढी गोल चकती बाहेर पडली. एका बुटाला सहा, दुसऱ्याला सहा. बारा चकत्या तिने एका बशीत ठेवल्या. चांगलं चामडं फेकायची सवय नव्हती.

मग तिने बुटांत कागदाचे बोळे घातले आणि बूट टबात ठेवले. पाणी कसं येतं ते बघावं म्हणून. कागद बघता बघता काळा पडला. तिने तो बाहेर काढला तर चिंध्यांसारखा हातात आला. काम बरोबर झालं होतं. बरोबर झालं होतं म्हणूनच वाईट दिसत होतं.

बूट पुसून तिने मांडीवर घेतले. ऊन बरणीतून आलं होतं. छतावर ठिपके झुलत होते. रस्ता सुस्तावला होता. लांब कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला आणि तो आवाजही जाड पाण्यातून आल्यासारखा आला. तिने चष्मा काढून ठोकळ्यावर ठेवला, जरा डोळ्यांना आराम म्हणून.

दुकानाच्या दारातून पाणी आत आलं. घाईने नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकासारखं, तिरकं होऊन. ते हिरवं होतं आणि ते पडत नव्हतं, झुलत होतं. भिंतीवरचे फर्मे सुटून तरंगू लागले. आत्या बूट घालून रस्त्याने खाली चालत निघाली, बंदराच्या तळाशी, आणि तिथे नारिंगी खांबांच्या मधे तिचे वडील पाटावर बसले होते. त्यांच्यापुढे एक घर होतं, बुटाच्या आकाराचं. घराला बारा खिडक्या. प्रत्येक खिडकीतून पाणी आत चाललं होतं आणि आत दिवा लावून कुणीतरी लहान मूल झोपलं होतं.

"अगं, कागद भिजला," वडील म्हणाले. रागाने नाही, आठवण करून द्यावी तसं.

"लावते हं, बाबा," आत्या म्हणाली. तिने पहिली खिडकी लावून घेतली. मग दुसरी. प्रत्येक खिडकी तिच्या चौकटीत अशी नेमकी बसत होती, की हाताला सुख वाटलं. कडेने मेण. अंगठ्याने दाब. बारावी खिडकी लावली, तेव्हा आतलं मूल कुशीवर वळलं आणि सगळं शांत झालं.

"आत्या! अगं ए आत्या!"

दारात मुंगी उभी होती. ऊन उतरलं होतं.

"झोपलीस? बूट कुठेत? उस्तादांनी सगळं सामान आजच जमा करायला सांगितलंय."

आत्याने चाचपडत चष्मा शोधला. तो ठोकळ्याखाली कुठेतरी गेला होता. बूट टबात होते. टबात कसे, हे तिच्या मनात आलं, पण टबात बूट असणं ही त्या दुकानातली इतकी रोजची गोष्ट, की प्रश्न आला तसा गेला. तिने दोन्ही बूट उपसले, आतले बोळे काढून फळीवर टाकले आणि बूट मुंगीच्या पिशवीत घातले. काळे बूट, काळं मेण, संध्याकाळचा उजेड. मुंगीने पाहिलेही नाहीत. आत्याचं काम तपासून घ्यायची त्या घरात रीत नव्हती.

"उद्या येशील?" मुंगीने दारातून विचारलं.

"मी? फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं तिथे? मी इथूनच बघीन."

"इथून भिंत दिसते."

"तीच बघीन."

*

शुक्रवारी बंदरावर धुकं होतं. आत्याने दुकान उघडलं, बरणीतलं पाणी बदललं, केर काढला. फळीवर कालचे कागदाचे बोळे पडले होते. तिने एक उचलून मुठीत दाबला. कुरकुरीत कोरडा. चाळीस वर्षांच्या सवयीने तिला बरं वाटलं.

दुसराही कोरडा. तिला आणखी बरं वाटलं.

आणि मग कुणीतरी मानेवर थंड हात ठेवावा तसं तिला वाटलं. कागद कोरडा? ह्या बुटांचा?

तिने बशीकडे पाहिलं. बशी रिकामी होती.

बारा चकत्या. तिने ठोकळ्याखाली पाहिलं, केरात पाहिलं. तिथे चष्म्याशिवाय काही सापडलं नाही. मेणाची डबी उघडी होती आणि चिकट द्रावणाच्या बाटलीला बूच नव्हतं. तिने स्वतःचा उजवा अंगठा उजेडात धरला. त्याच्यावर मेण होतं, ताजं, आणि मेणात गोल कडेची एक बारीक खूण.

खिडक्या. कशा नेमक्या बसल्या होत्या!

आत्याने पंच आणि हातोडी पदरात गुंडाळली आणि ती निघाली. दुकानाला कुलूप लावलं नाही. उतारावर पोस्टमन भेटला, "आत्या, पत्र आहे," म्हणाला, तिला ऐकूच आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे एक उलटा पेला होता. एक नाही, दोन.

धक्का लाकडी होता, लांब, धुक्यात शिरून दिसेनासा झालेला. पहिल्या फळीवर पाय ठेवताच तिला खालची फट दिसली आणि फटीत पाणी हललं. सगळं आयुष्य तिने फटी बुजवण्यात घालवलं होतं आणि इथे माणसांनी फटींवर रस्ता केला होता. तिने एकदा डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून चालता येत नाही. दुसरी फळी, तिसरी फळी. काही वेळाने तिच्या ध्यानात आलं की ती मोजायची थांबली आहे.

टोकाला चार-पाच माणसं होती. मधे, धक्क्याच्या कडेला पाय सोडून, काळ्या सूटमध्ये फुगलेली मुंगी. पायात बूट, हातात फिन्स.

"मुंगे! थांब! बूट काढ!"

सगळ्यांनी मागे पाहिलं. उस्ताद उठले. पांढऱ्या मिशा, तोंडावर उन्हाच्या सुरकुत्या, शब्द मोजके. "काय झालं, आत्या?"

"भोकं बुजलीयत."

"कशाने?"

"मी बुजवली."

टोळीतला एकजण फिसकन हसला. उस्तादांनी नुसतं पाहिलं, तो गप्प झाला. मुंगीने वाकून बुटाला हात लावला, अंगठ्याने चाचपलं. जिथे भोक हवं तिथे गुळगुळीत चामडं. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा बघून आत्याला वाटलं, फटीतून खाली पडले असते तर बरं.

"मुद्दाम?" मुंगीने हळूच विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. ते खरंही होतं. पण एवढं लांब चालत येऊन अर्धंच खरं सांगायचं?

"झोपेत," आत्या म्हणाली. "तुझी शपथ, मला कळलंही नाही. पण हात उगाच चालत नाहीत, मुंगे. तू खाली जावंस असं माझ्या मनात नव्हतंच कधी. जागेपणी बोलले नाही, ते हातांनी करून टाकलं. चूक माझी आहे. आता जागी आहे मी. काढ ते बूट."

मुंगीने खुटी दाबली आणि दोरी सैल केली. "हातांना सांग, तुमची झोप काढा, पण रात्री काढा," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता, पण तिरकसपणा परत आला होता आणि आत्याला तेवढं पुरलं.

"पंधरा मिनिटं," उस्ताद म्हणाले. "मग भरतीचा जोर वाढेल, मी कुणालाच सोडणार नाही."

शिडीच्या वरच्या टोकाला एक लोखंडी दांडा वर आला होता. आत्याने बूट त्याच्यावर उलटा चढवला. फर्मा नव्हता तर नव्हता. दांड्यापर्यंत पोचायला तिला धक्क्याच्या अगदी कडेला गुडघे टेकावे लागले. खाली पाणी चपचप करत होतं. पंच ठेवला. टक्. चकती उडाली आणि पाण्यात पडली. गोल गोल फिरत, हिरव्या उजेडात, ती खाली खाली गेली. आत्याला वाटलं, तिथे कुणी पाटावर बसलं असेल तर त्याच्या ओंजळीत पडेल.

टक्. टक्. ह्या वेळी हात मागे राहिला नाही. बाराव्या घावानंतर तिने प्रत्येक बुटात हात घातला, चुरा झटकला, भोकाच्या कडा बोटाने तपासल्या, एका कडेवर टोक लागलं ते हातोडीच्या दांड्याने घासून काढलं. मग एक बूट पाण्यात बुडवून वर उचलला. सहा भोकांतून सहा धारा लागल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अकरा मिनिटं," उस्ताद म्हणाले. "हात अजून चालतो तुमचा."

मुंगीने बूट घातले, फिन्स चढवले, तोंडात नळी घेण्याआधी आत्याकडे पाहिलं. आत्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. "जा," ती म्हणाली.

पाणी उघडलं आणि मिटलं.

उस्तादांच्या हातातून दोर सरसर खाली जात होता. एरवी इथे मुंगी बसत असे, आज ती जागा रिकामी होती. उस्तादांनी मान न वळवता विचारलं, "धरता?"

"मला येत नाही."

"दोर माझ्या हातात आहेच. तुम्ही पुढे नुसता धरा. ताणू नका, सोडूही नका. मेणाचा दोरा धरता तसा. खालून एक ओढ आली म्हणजे ठीक आहे. लागोपाठ चार आल्या तर आपण वर ओढायचं."

आत्याने दोर धरला. तो थंड होता, ओला होता आणि जिवंत होता. धुक्यात धक्का संपत होता, धुक्यातच पाणी सुरू होत होतं आणि मधली रेघ कुणी पुसून टाकल्यासारखी झाली होती. थोड्या वेळाने पाण्यावर बुडबुड्यांचा एक पुंजका आला. आधी मोठे, श्वासाचे. मग त्यांच्याशेजारी बारीक बारीक, मोहरीसारखे, दोन ओळींत.

"ते काय?" आत्याने घाबरून विचारलं.

"ते तुमचं काम," उस्ताद म्हणाले. "तिने डोकं खाली केलंय. बुटांतली हवा निघून चाललीय."

आत्या श्वास रोखून थांबली. आता हवा पायांकडे धावेल. आता मोजे फुगायला बघतील. तिने डोळे मिटले, आणि ह्या वेळी तिला सगळं दिसलं. हिरवा झुलता उजेड, नारिंगी खांब, आणि बारा उघड्या खिडक्यांचं घर. पाणी आत येत होतं, बाहेर जात होतं. आत मूल नव्हतंच. ते केव्हाच उठून खेळायला गेलं होतं.

दोराला एक ओढ आली.

एकच. शांत, पुरेशी. चांगला बसलेला टाका हाताला लागतो तशी.

"उत्तर द्या," उस्ताद म्हणाले. "एक."

आत्याने एकदा ओढलं.

अर्ध्या तासाने मुंगी शिडीवर दिसली, पाय खाली, डोकं वर, जशी असावी तशी. ती एकेक पायरी चढत होती आणि प्रत्येक पायरीला बुटांतून पाणी गळत होतं, बारा बारीक धारांनी, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. धक्क्यावर आली तेव्हा तिच्या बुटांत तिचेच पाय तेवढे होते. तिने तोंडातली नळी काढली.

"तिसऱ्या खांबाला तळाशी चीर आहे," ती उस्तादांना म्हणाली. "वीतभर. आणि दुसऱ्याच्या बुडाशी एक गोल चकती पडली होती. चामड्याची. ती आणली."

उस्तादांनी वहीत चीर टिपून घेतली. चकतीबद्दल काही लिहिलं नाही. मग ते टोळीकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून दोर धरायला दुसरं माणूस बघा."

*

शनिवारी दुपारी आत्याने ते बूट गोड्या पाण्याने धुतले, आत हात घालून पुन्हा तपासले. मग जुन्या सवयीने वर्तमानपत्राचे दोन बोळे केले, बुटांत कोंबले आणि बूट टबात ठेवले. छतावर ठिपके झुलत होते. ती झोपली नाही. मुंगीने आणलेली चकती खिडकीतल्या बरणीत टाकली होती, तिच्याकडे बघत बसली.

संध्याकाळी तिने बोळे काढले. चिंब भिजलेले. मुठीत दाबले तर कोपरापर्यंत ओघळ आले.

"बरं," ती टबाला म्हणाली, आणि बूट वरच्या फळीवर ठेवले.